मधल्या थांब्याचं पाणी

विनिताने घोडीचा वरचा ओठ उचलला, हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. पांढरा पडलेला ठसा लगेच गुलाबी झाला. मग ती खांद्यावरून, गुडघ्यावरून हात फिरवत खुरापर्यंत गेली. घोडीने कुरकुर न करता पाय उचलून दिला. खूर काळाभोर, कठीण, कडा कुठे फुटलेल्या नाहीत. वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यांवर नवरदेव वाहूनही खूर असा राहू शकतो, याचं विनिताला मनातून कौतुक वाटलं. 

"काय म्हणते तब्येत, आत्या?" ओंकारने विचारलं.

"थांब, अजून पाय मोजतेय."

"चारच आहेत."

"तुझ्या मागच्या घोड्याचे तीनच चालायचे. तेव्हाही तू मोजून घेतले नव्हतेस."

ओंकार हसला आणि खोगीर आणायला गेला. घोलवडच्या या चिकूच्या वाडीत, झाडांच्या ओळी संपतात तिथे, त्याने घोड्यांसाठी चार थानं बांधली होती. तीन थानांत घोडे होते. चौथं हिवाळ्यापासून रिकामं होतं.

विनिता चुरी त्याची सख्खी आत्या. गुरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली डॉक्टर. तलासरीपासून सायवनपर्यंतच्या पाड्यांवर तिची नोकरी गेली. अर्धं तारुण्य गाईंच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात संपलं, असं तीच सांगायची. घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती जिथे भरत, तिथे तपासणीसाठी तिला आवर्जून बोलावणं येई. तिच्या तोंडून नुसतं "ठीक आहे" निघालं तरी घोडेवाले पेढे वाटायच्या तयारीला लागत, कारण कुणाचं मन राखायला बोलणं तिला जमायचंच नाही. ओंकारच्या साखरपुड्यात "मुलगी उत्तम आहे, मला शंका आमच्या मुलाचीच आहे" असं ती भर मांडवात म्हणाली होती. मुलीकडचे हसले. ओंकारची आई आजतागायत हसलेली नाही.

घोडीचा मालक सुदाम थोडा बाजूला उभा होता. घोडी खुंट्याला बांधलेली असूनही दोराचं शेपूट त्याने हातात धरून ठेवलं होतं. तो तलासरीचा. घोडीचं नाव शेवंती, रंग दुधावरच्या सायीसारखा. तलासरी, उधवा, पार सायवनपर्यंतच्या वराती या घोडीने केल्या होत्या. आता नवरदेव छत उघडणाऱ्या गाडीतून उभे राहून येतात. त्यात सुदामची बायको पुष्पा पावसाळ्याआधी गेली, आणि मुलगा प्रविण त्याला वापीला बोलावत होता. प्रविणची खोली दुसऱ्या मजल्यावर. तिथे सुदाम कसाबसा मावेल, शेवंती कुठे मावणार? राज्याच्या हद्दीपलीकडचा एक वीटभट्टीवाला तिला न्यायला तयार होता. भट्टीवर जनावर किती दिवस टिकतं हे सुदामला माहीत होतं, म्हणून तो त्याला आज-उद्या करत टाळत होता. मग कुणीतरी लांब पल्ल्याच्या शर्यतीत घोडे उतरवणाऱ्या ओंकारचं नाव सांगितलं.

ओंकारने त्याला सरळ शब्द दिला होता. आत्याने घोडी लांब पल्ल्याला चालेल असं म्हटलं, तर शेवंती या चौथ्या थानात राहील, म्हातारी झाली तरी राहील. नाही म्हटलं तर मात्र त्याचा इलाज नाही; नुसतं बघायला घोडा पाळण्याची ऐपत वाडीत आता उरली नव्हती.

"बाई, रेस म्हणजे पळवायचं ना?" सुदामने विचारलं.

"पळवायचं नाही, पोचवायचं," विनिता म्हणाली. "सकाळी निघायचं, दिवसभर चालायचं. मधे थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर माझ्यासारखी कुणीतरी कटकटी बाई उभी असते. छातीची धडधड वेळेत खाली आली, घोडा लंगडत नसला, पोट चालू असलं, तरच पुढे सोडते. सगळ्यांच्या आधी पोचला आणि तिथे घोडा हाशहुश करत राहिला, तर बाद."

"धडधडीचं काय टेन्शन नाय," सुदाम म्हणाला. "डीजेच्या भिंतीपुढं उभी राहिलेली हाय ती."

ओंकार शेवंतीवर बसून धरणाच्या रस्त्याला लागला, आणि विनिता तिच्या जुन्या व्हॅनमधून सुदामला घेऊन मागून निघाली. माघ संपत आला होता. सकाळीच हवा चिकट झाली होती. वाडीत बायका जाळीच्या काठ्यांनी चिकू उतरवत होत्या; पुढे वाड्या संपल्या आणि उघडी, तांबडी माती सुरू झाली. सुदाम पुढच्या काचेला नाक लावल्यासारखा बसला होता. घोडी दुडक्या चालीत जात होती, पाठ कशी पाण्यावरच्या होडीसारखी, वरखाली जवळजवळ नाहीच. समोरून वाळूचा डंपर हॉर्न देत अंगावर आल्यासारखा गेला. शेवंतीने कानही हलवला नाही.

विनिताचा जीव त्या चालीवर जडला. हे तिला स्वतःलाच आवडलं नाही. तपासणाऱ्याने जीव जडवू नये, हे ती नव्या पोरांना शिकवत आलेली. पण आत कुठेतरी तिने शेवंतीला त्या चौथ्या थानात नेऊन उभं करून टाकलं होतं, आणि सुदाम महिन्या-दोन महिन्यांनी वापीहून गाडीने येऊन तिला केळी भरवतोय, हेही बघून झालं होतं.

पहिला थांबा एका आंब्याखाली होता. ओंकार उतरला. विनिताने स्टेथोस्कोप घोडीच्या कोपरामागे लावला, ऐकलं, घड्याळात बघितलं, पुन्हा ऐकलं.

"काय?" ओंकार म्हणाला.

"मला वाटलं घड्याळ बंद पडलं."

ओंकारने सुदामकडे बघून अंगठा वर केला. सुदामचा चेहरा उजळला. विनिताने व्हॅनमधून बादली काढली, कॅनमधलं पाणी ओतलं आणि घोडीपुढे ठेवली. शेवंतीने बादलीत बघितलं, मान वर केली.

"नवी बादली आहे," ओंकार म्हणाला. "लाजत असेल."

 पहिल्या थांब्यावर बरेच घोडे पाणी नाकारतात, त्यात नवल नाही. सुदाम गप्प राहून गालातल्या गालात हसत होता, जणू त्याच्या खिशात एक हुकमाचं पान होतं आणि ते टाकायची वेळ अजून आली नव्हती.

दुसरा थांबा लांबचा ठेवला होता, मुद्दाम चढावाचा. तिथे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि शेवंतीच्या मानेवर घामाची मिठाळ रेघ सुकली होती. विनिताने पोटाखालचा तंग सोडवून खोगीर काढायला लावलं, पाठीवर ओलं फडकं टाकलं. नाडी याही वेळी झरझर उतरली. ओंकारने घोडीला दोराने धरून पळवून आणलं. चारही पाय सारखे पडत होते.

"बोल आता," ओंकार म्हणाला.

"पाणी दे."

त्याने बादली ठेवली. शेवंती उभी राहिली. ओंकारने पाण्यात गूळ कालवला, मग बांधावरचं हिरवं गवत भिजवून समोर धरलं. तिने गवत हुंगलं आणि सोडून दिलं. विनिताने तिच्या खांद्याची कातडी चिमटीत धरून ओढली. सोडली तेव्हा ती चटकन बसायला हवी होती. घडी तशीच उभी राहिली, मग हळूहळू विरली. विनिताने कुशीला कान लावला. पोटात जी गुडगुड सतत चालायला हवी, ती जवळजवळ थांबली होती.

"सुदामभाऊ, हिला तुम्ही पाजून बघा."

सुदाम पुढे आला. त्याने बादली उचलून तिच्या तोंडाशी नेली. "पी," तो म्हणाला. शेवंतीने त्याच्याकडे बघितलं. तिचं नाक पाण्यापासून वीतभर अंतरावर होतं, नाकपुड्या हलत होत्या. एकदा ओठही थरथरले. मग तिने मान वळवली आणि रस्त्याकडे बघत शहाण्यासारखी उभी राहिली.

ते तोंड फिरवणं विनिताच्या फार ओळखीचं होतं. पाड्यांवर फिरतीला जायच्या दिवशी सकाळपासून ती स्वतः पाण्याला शिवत नसे, कारण दिवसभरात आडोसा मिळेल की नाही याची खात्री नसायची. लोक प्रेमाने तांब्या पुढे करायचे आणि ती "आत्ताच प्यायले" म्हणून अशीच मान वळवायची. पुढे पुढे तहान लागल्याचं कळणंच बंद झालं. नोकरीच्या शेवटी शेवटी मूतखड्याने तिला लोळवलं तेव्हा डहाणूच्या डॉक्टरने आधी हेच विचारलं होतं, पाणी किती पिता.

"ती मदी पाणी पित नाय, बाई," सुदाम म्हणाला. त्याने हुकमाचं पान आता टाकलं होतं. आवाजात अभिमान होता. "तेच तर सांगायचं होतं तुमाला. कुठं पण न्या, काम संपल्याबिगर पाण्याचं नाव काढायची नाय. काय झंझट नाय तिची."

"कुणी शिकवलं?"

"शिकवायला लागतं. नवरदेव वर बसलाय, म्होरं बँड वाजतोय, आणि घोडीने पाय फाकवले तर? सगळी वरात हसते. नवरदेवाचा बाप माझ्या अंगावर येतो. म्हणून वरातीच्या दिवशी दुपारपासून पाणी बंद. मारुतीच्या देवळात नवरदेव पाया पडायला उतरतो ना, तेवा पण नाय. खोगीर ढिलं करतो, पण पाणी नाय. तिथून मंग मांडवापर्यंत जायचं असतं."

"आणि मांडवापाशी?"

"तिथं फोटो असतात. घरी आली की पिते. दोन-दोन बादल्या पिते."

ओंकारला अजून उमगलं नव्हतं. तो विनिताकडे बघत होता. विनिताने स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि नीट गुंडाळला, जरा जास्तच नीट. एक "हो" म्हणायची खोटी होती. ओंकार तिचा शब्द खाली पडू देणार नव्हता, सुदाम निर्धास्त मनाने वापीला गेला असता, शेवंती सावलीत राहिली असती. आणि पहिल्याच मोठ्या शर्यतीत, पोटात पीळ पडून आतडं थांबेपर्यंत ती कान टवकारून, त्याच होडीसारख्या चालीने गेली असती. तिने कुणालाही काही कळू दिलं नसतं.

"ही लांब पल्ल्याला चालणार नाही," विनिता म्हणाली.

"आत्या, नाडी बघितलीस ना तू? खूर?"

"सगळं बघितलं. अशा घोड्या मी फार बघितलेल्या नाहीत. पण दमलो, तहान लागली, आता पुरे, हे जो घोडा सांगतो तो लांबवर जातो. ही सांगत नाही. ही तुझ्या खाली मरेल, आणि शेवटच्या पावलापर्यंत तुला पत्ता लागणार नाही."

"शिकेल की. हळूहळू."

"शिकेल. एक वर्ष, नाहीतर दोन. रोज रस्त्यावर न्यायचं, पाणी दाखवायचं, प्यायली नाही तर तशीच परत आणायची. तू थांबशील? दोन वर्षं पाठीवर न बसता?"

ओंकार घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिला. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता, आणि त्या घराण्याचा तो दोषच होता. मग तो सुदामला म्हणाला, "काका, माझ्याकडे एकच जागा आहे हो." सुदाम घाईघाईने म्हणाला, "नाय नाय, बाईंनी बघितलं ना. बाईंनी बघितलं म्हंजे झालं." विनिताला एकदा वाटलं, आपणच न्यावी. पण तिची स्वतःची जागा म्हणजे डहाणूतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वाडीतला तिचा वाटा तिने कधीच भावाच्या नावे लिहून दिला होता. सबबी इतक्या पटकन सापडल्या याचा तिला आपलाच राग आला.

परत येताना ओंकार बसला नाही. शेवंतीला धरून चालत आला.  व्हॅनमध्ये सुदामने काचेतून मागे वळूनही बघितलं नाही.

शेवंतीला घेऊन आलेला टेम्पो वाडीत लिंबाखाली उभा होता, ड्रायव्हर चहाला गेला होता. ओंकारने घोडीला धुतलं, अंग पुसलं, पुन्हा एकदा बादली ठेवून बघितली आणि खाली मान घालून घरात गेला. सुदाम टेम्पोच्या कडेला टेकून बसला. विनिता त्याच्याशेजारी जाऊन बसली. निघून जाणं सोपं होतं, म्हणूनच ती गेली नाही.

"घरी पोचली की लगेच पाजा. एकदम दोन बादल्या नाही. थोडं थोडं."

"हां."

"भट्टीवाल्याला सांगा, हिला मधे पाणी..." ती थांबली. भट्टीवाल्याला ही घोडी लाखात एक वाटणार होती. पाणी न मागता दिवसभर विटा वाहणारी.

"रविवारी येईल तो," सुदाम म्हणाला. मग बराच वेळ तो हातातला दोर बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिला. चिकू भरलेले क्रेट घेऊन दोन बायका समोरून गेल्या.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"आमची पुष्पा वरातीत लाईट धरायची. डोक्यावर. तुम्ही बघितलं असेल, बायका दोन्ही अंगाला चालतात. त्या सगळ्यांची वायर एकच असते, मागं जनरेटरच्या गाडीला जोडलेली. एक बाई बाजूला गेली की अख्खी रांग थांबते. मालक शिव्या घालतो. म्हणून ती पण दुपारपासून पाणी प्यायची नाय." त्याने दोर सोडला. "मीच सांगायचो. दोघींना एकदमच सांगायचो, आता पाणी बास म्हणून. ती हसायची. बोलायची, मला पण घोडीत काढलं."

विनिताची नजर शेवंतीपुढच्या भरलेल्या बादलीवर गेली.

"किती वर्षं केलं तिने. मंग किडनीचं निघालं. वापीला मशीनवर न्यायचो. डॉक्टर विचारत होता, बाई पाणी कमी पित होती काय. मी बोललो, नाय साहेब, घरी आली की तांब्याच्या तांब्या प्यायची. माझ्या डोक्यात ते वरातीचं आलंच नाय. आज तुम्ही बोलला तेवा आलं." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघायला लागला. "माणसाचं असं नसतं ना, बाई? जनावराचं वेगळं असतं ना?"

त्याचे डोळे कोरडे होते आणि उत्तराची वाट बघत होते. विनिता गुरांची डॉक्टर होती. कुणाच्या किडन्या कशाने गेल्या हे तिला छातीठोक सांगता आलं नसतं. पण तिचा स्वतःचा देह तिला माहीत होता, आणि याचं खरं उत्तर "नाही" असं नव्हतं. आयुष्यभर ती लोकांना त्यांच्या जनावरांबद्दल तोंडावर सांगत आली होती. काही तासांपूर्वी तिने याच माणसाची घोडी खरं बोलून भट्टीवर धाडली होती.

"नाही," ती म्हणाली. "माणसाचं वेगळं असतं. जनावराला बोलता येत नाही. माणूस तहान लागली की सांगतो."

सुदामने खाली पडलेला दोर उचलला.

"पुष्पाने कधी सांगितलं नाय," तो म्हणाला.

"मग लागली नसेल."

तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, कोरडा आणि ठाम. सुदामने मान हलवली, एकदा आणि पुन्हा एकदा. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं, तसं ते हलवणं होतं. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि शेवंतीला टेम्पोत चढवायला लागला. तिला ओढावं लागलं नाही. ती आपण होऊन फळीवर चढली आणि आत जाऊन, तोंड पुढे करून, नीट उभी राहिली.